ऑटो निवडायचा कुठून? यादी, गेमपॅडचा मेनू की रोबोटवरची बटणं

फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत सामन्याचे पहिले ३० सेकंद रोबोट स्वतःच्या जिवावर, आधी लिहिलेल्या प्रोग्रामवर खेळतो. या भागाला आणि त्याच्या प्रोग्रामला ‘ऑटो’ म्हणतात. त्या ३० सेकंदांसाठी मुलं महिनोन्‌महिने खपतात. पण लिहून ठेवलेल्या आठ-दहा प्रोग्रामपैकी आत्ता कोणता चालवायचा, हे मात्र मैदानाशेजारी उभं राहून, घाईगर्दीत ठरतं. आमची टीम एकदा इथेच फसली. सामन्यात लाल आणि निळी अशा दोन बाजू असतात. आम्ही निळ्या बाजूला आणि ड्रायव्हर हबवर, म्हणजे ड्रायव्हरच्या हातातल्या स्क्रीनवर, प्रोग्राम लालचा. रोबोट इतक्या सफाईने भलत्याच कोपऱ्याकडे गेला, की रागवायचं कोणावर तेच कळेना. कोडमध्ये चूक एकही नव्हती.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक ऑटोचा वेगळा ऑपमोड, म्हणजे हबवरून निवडून चालवता येणारा प्रोग्राम. ड्रायव्हर हबच्या यादीतून नाव निवडायचं आणि इनिट (सुरू होण्याआधीच्या तयारीचं बटण) दाबायचं. निवडीसाठी वेगळा कोड लागत नाही. पहिल्या वर्षाच्या टीमने बिनधास्त हेच करावं.

गाडी अडते ती गुणाकारात. दोन रंग, सुरुवातीच्या दोन जागा, तीन मार्ग, म्हणजे झाले १२. त्यात आपल्याच बाजूने खेळणारी साथीदार टीम म्हणते, ‘आधी आम्ही जातो, तुम्ही पाच सेकंद थांबा.’ झाले २४! मग यादीत ‘लाल जवळ ३’ आणि ‘लाल जवळ ३ नवा’ अशी जुळी भावंडं दिसायला लागतात. फायली कॉपी-पेस्ट करून बनवलेल्या असतील तर आर्मची उंची एकीत सुधारते, बाकीच्यांत जुनीच राहते.

दुसरी पद्धत: ऑपमोड एकच, आणि इनिट दाबल्यावर, सामना सुरू होण्याआधी, गेमपॅडने रंग, जागा, मार्ग आणि थांबायची वेळ निवडायची. निवड टेलिमेट्रीत, म्हणजे रोबोटकडून हबच्या स्क्रीनवर येणाऱ्या माहितीत, दिसत राहते. माझं मत हिलाच, पण हिचे काटे आधी माहीत हवेत. इनिटमधलं लूप (पुन्हापुन्हा चालणारा कोड) सेकंदाला कित्येक वेळा फिरतं, त्यामुळे डी-पॅड (गेमपॅडवरची चार दिशांची बटणं) एकदा दाबला तरी ‘थांबा’चा आकडा शून्यावरून थेट नऊवर जातो. बटण दाबलेलं आहे का हे नाही, तर आत्ताच दाबलं गेलं का हे तपासायचं. दुसरं, गेमपॅड हबला जोडून घ्यायला स्टार्ट आणि ए एकत्र दाबावं लागतं. ते राहिलं तर मेनू ढिम्म हलत नाही. म्हणून निवड पक्की करायचं काम ए बटणाला देऊच नका, जोडतानाच चुकून पक्की व्हायची. आणि ऐन वेळी इनिट पुन्हा दाबावं लागलं तर निवड मूळपदावर येते, हे ड्रायव्हरला पाठ हवं.

लाल-निळ्याचं ओझं किती, हे मैदानावरही अवलंबून. स्पर्धेचा खेळ दरवर्षी बदलतो. २०२४-२५ च्या ‘इन्टू द डीप’ या खेळात मैदान १८० अंशांत फिरवलं की लालचं निळं होत होतं, त्यामुळे आपल्या सुरुवातीच्या जागेवरून मोजणाऱ्या रोबोटला एकच मार्ग दोन्हीकडे चालायचा. २०२५-२६ च्या ‘डिकोड’मध्ये आरशातली प्रतिमा आहे. तिथे डावं-उजवं उलटतं, म्हणून रंग विचारावाच लागतो.

तिसरी पद्धत रोबोटवरच्या टॉगल बटणांची. कंट्रोल हबच्या (रोबोटवरच्या मुख्य कंट्रोलरच्या) डिजिटल पोर्टला तीन बटणं जोडली की आठ पर्याय मिळतात. रोबोट ठेवतानाच निवड डोळ्यांना दिसते, हे सुख मोठं. पण धडकेत वायर सैल झाली तर बटण एक सांगतं आणि हब दुसरंच वाचतो. शिवाय रोबोट ठेवून मागे सरकलात, की साथीदाराचा बेत बदलला तरी हात पोचत नाही.

कॅमेऱ्यावर निवड सोपवावी का? सोपवू नये, साक्षीदार म्हणून ठेवावा. डिकोडमध्ये निळ्या गोलवर (चेंडू टाकायच्या लक्ष्यावर) २० नंबरचा एप्रिलटॅग, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारं चौकोनी चिन्ह, आहे, लालवर २४. गोलजवळून सुरुवात करताना निवड निळी आणि कॅमेऱ्यात २४ दिसला, तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत बोंब मारायची. लांबच्या जागेवरून दोन्ही टॅग दिसू शकतात, तिथे ही साक्ष कुचकामी.

चार ऑटोंपर्यंत यादी पुरते. पाचवा लिहायला घ्याल तेव्हा आधी मेनू लिहा. आमच्याकडे आता कोच स्क्रीन मोठ्याने वाचतो, ‘निळा, लांबची जागा, पाच सेकंद’. टीममधली एक मुलगी हबकडे ढुंकूनही न बघता रोबोटवरची रंगाची पाटी बघते आणि ‘निळा’ म्हणते. मगच निवड पक्की करायचं बटण दाबलं जातं.