सिंकचा गळका नळ घरीच उघडला, त्याला आठ महिने झाले

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड सुरू व्हायच्या आधी, मी स्वयंपाकघरातला सिंकचा नळ स्वतःच्या हातानं उघडला आणि दुरुस्त केला. आता गणपती विसर्जन होऊन गेलंय. मधे सोलापूरचा पूर्ण उन्हाळा गेला, पावसाळ्यातलं गढूळ पाणी येऊन गेलं, आणि रोज तीन वेळची भांडी याच नळाखाली घासली गेली. लगेच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते. काय टिकलं आणि काय पुन्हा करावं लागलं, ते आता नीट सांगता येईल.

नळ म्हणजे सिंकवर उभा बसवलेला, हंसाच्या मानेसारखा वळलेला, मान दोन्हीकडे फिरणारा आणि पाव फेऱ्यात उघडबंद होणारा. सात वर्षांचा. दुखणी तीन होती. बंद केला तरी तोंडातून थेंब गळायचे. चालू केला की मानेच्या बुडातून पाणी झिरपून खाली ओघळायचं. आणि अख्खा नळ बुडातून हलायचा, मान फिरवली की सगळाच फिरायचा.

आमच्याकडे गळका नळ ही फक्त कटकट नाही. उजनी धरणातून भीमेचं पाणी शहराला येतं खरं, पण नळाला रोज सुटत नाही. आमच्या जुळे सोलापूरच्या भागात चार दिवसांनी पाळी येते, उन्हाळ्यात एखादा दिवस पुढंही जाते. गच्चीवरच्या टाकीत जेवढं चढलं तेवढ्यावर दिवस काढायचे. एका रात्री अकराला मी नळाखाली पातेलं ठेवलं आणि सकाळी सहाला मापानं मोजलं, तर चार लिटर भरलं. म्हणजे दिवसाला साडेतेरा-चौदा लिटर आणि पुढच्या पाळीपर्यंत पंचावन्नच्या घरात. दर पाळीमागं साडेतीन हंडे पाणी डोळ्यांसमोर मोरीत चाललं होतं. तो आकडा कळल्यावर मला राहवेना.

त्याआधी एक प्लंबर येऊन गेला होता. त्यानं मानेच्या बुडाला बाहेरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापली. ती आठ दिवसांत सुटली. पाणी आतून दाब देतं, बाहेरून लेप लावून ते थांबत नाही. दुसऱ्यांदा बोलावल्यावर तो म्हणाला, नवा नळ घ्या, चौदाशे आणि बसवायचे तीनशे. त्यानं आत काय बिघडलंय हे उघडून पाहिलंच नव्हतं, मला तेच खटकलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी बघा. नळ कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरचा तुकडा लावा आणि पाच मिनिटं थांबा. कुठला कागद आधी भिजतो त्यावरून दुखणं कळतं. बंद असताना तोंडातून गळत असेल तर दोष आतल्या स्पिंडलचा, म्हणजे मुठीखालच्या, पाणी उघडबंद करणाऱ्या भागाचा. चालू असतानाच मानेच्या बुडातून येत असेल तर ओ-रिंग, म्हणजे तिथली गोल रबरी कडी, गेलेली. ओट्याखाली ओल असेल तर कनेक्शन पाइपचा नट किंवा त्यातला वायसर. ही तीन वेगळी कामं आहेत आणि एकाच्या दुरुस्तीनं दुसरं बरं होत नाही.

खोलण्याचं सांगते. ओट्याखालचा अँगल कॉक, म्हणजे या नळाचं पाणी बंद करायची छोटी तोटी, फिरवला, पण कित्येक वर्षांत हात न लागल्यानं तो पूर्ण बंद होईना. जोर केला असता तर तोच तुटला असता. गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, खाली येऊन नळ उघडला आणि पाइपातलं पाणी काढून टाकलं. सिंकच्या भोकात फडकं कोंबलं. हे विसरू नका, कारण स्क्रू इतका बारीक असतो की जाळीतून गेला तर गेला. मुठीवरचं निळं बटण चाकूच्या टोकानं उचललं, त्याखालचा स्क्रू काढला, मूठ निघाली. तिच्याखालची चकचकीत टोपी फडकं गुंडाळून हातानं फिरवली तर हलेचना. क्षारानं आटे धरले होते. इथं लोक हातोडी घेतात. मी कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवलं, त्यात फडकं भिजवून तासभर टोपीला गुंडाळून ठेवलं. मग ती सुटली. आतला पितळी स्पिंडल पान्यानं उलटा फिरवताना दुसऱ्या हातानं नळाचं अंग घट्ट धरून ठेवा, नाहीतर स्पिंडलऐवजी सगळा नळच फिरतो.

तो स्पिंडल मी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला. खाली काळी रबराची कडी, तिच्यावर पांढरी खपली, चुनखडीसारखी. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात, एक जागेवर राहते, दुसरी मुठीबरोबर फिरते. दोन्हींची भोकं समोरासमोर आली की पाणी सुटतं, सरकली की थांबतं. माझ्या वरच्या चकतीवर केसाएवढी बारीक रेघ उमटली होती. वाळूचा कण मधे अडकून फिरत राहिला की अशी रेघ पडते आणि तिच्यातून थेंब वाट काढतो. जुन्या आट्याच्या नळात वायसर दाबून पाणी थांबायचं, त्यामुळं घट्ट पिळलं की तेवढ्यापुरतं गळणं बंद व्हायचं. इथं ते चालत नाही. पाव फेऱ्याच्या नळाला जोर दिला तर आतली अडकण तुटते, गळणं तसंच राहतं. आमच्या घरात सगळ्यांना तीच पिळायची सवय होती. ती मोडायला दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस लागले.

जुना स्पिंडल पिशवीत घालून मधल्या मारुतीकडच्या बाजारात गेले. दुकानदारानं तो हातात घेऊन मुठीकडचे दाते मोजले, लांबी दुसऱ्याशी लावून बघितली, उजवीकडं उघडतो का डावीकडं ते फिरवून पाहिलं. म्हणाला, "ताई, तुकडा आणलात म्हणून बरं. फोटो दाखवून नेलेलं निम्मं परत येतंय बघा." त्याच्याकडं सत्तर रुपयांचा प्लास्टिकच्या अंगाचा होता आणि एकशेसाठचा पूर्ण पितळी. मी पितळी घेतला. मानेसाठी ओ-रिंग दहा रुपयांना दोन, बुडाचा रबरी वायसर वीसचा, आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी साठची.

बसवण्याआधी एक गोष्ट केली, तिला मी फार मानते. स्पिंडलची जागा उघडी असताना माझ्या मुलाला गच्चीवर पाठवून व्हॉल्व्ह जेमतेम उघडायला लावला आणि त्या तोंडावर तांब्या उपडा धरला. धार तांब्यात आदळून सिंकमध्ये पडली. बंद केल्यावर सिंकच्या तळाशी चिमूटभर वाळू आणि पांढरे कपचे दिसले. ते तसेच राहिले असते तर नवी चकतीसुद्धा महिन्याभरात ओरखडली असती.

हलणाऱ्या बुडाचं काम अंगाला सगळ्यात जड गेलं. ओट्याखाली उताणं झोपून, कपाळावर टॉर्च बांधून वर पाहिलं तर चेक नट, म्हणजे नळाला सिंकखालून धरून ठेवणारा नट, निम्मा सैल. साधा पाना तिथं शिरत नाही, नळीसारखा लांब पाना लागतो. तो वरच्या मजल्यावरच्या काकांकडं होता. नट नुसता आवळला असता तर महिन्याभरात पुन्हा सैल झाला असता, कारण दोष नटाचा नव्हता. स्टीलच्या सिंकचा पत्रा पातळ असतो, नळ हलवला की तो लवतो आणि नट हळूहळू उलटा फिरतो. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, यंत्रमागावर आयुष्य काढलेले. त्यांनी जाड पीव्हीसी शीटचा तळहाताएवढा तुकडा कापून मधे भोक पाडून दिलं. तो पत्र्याखाली घालून त्यावर नट आवळला. आठ महिन्यांत नळ एक केसभर हललेला नाही. या अख्ख्या कामात मला हा तुकडा सर्वांत मोलाचा वाटतो.

मामांनी सूत आणि सफेद्याची आठवणही काढली. पूर्वी आट्यांना टेपऐवजी सूत गुंडाळून सफेदा लावायचे, आणि सुताला तर आपल्या गावात कधी तोटा नव्हता. आता टेफ्लॉन टेप वापरतात. ती आट्यांच्या दिशेनं, म्हणजे नट जसा आवळतो त्याच बाजूनं गुंडाळायची, नाहीतर बसवताना गोळा होते. आणि कनेक्शन पाइपच्या ज्या नटात रबरी वायसर असतो तिथं टेप लावायचीच नाही. तिथं पाणी वायसर थांबवतो, आटे नाही.

आता पुढचे महिने.

स्पिंडलबद्दल तक्रार नाही. पहिल्या दिवशी एका बोटानं फिरायचा, आजही फिरतो, मे महिन्यात थोडा जड झाला होता एवढंच. गेल्या आठवड्यात पुन्हा रात्रभर पातेलं ठेवून पाहिलं, सकाळी कोरडं होतं.

ओ-रिंगनं मात्र पुन्हा काम लावलं आणि चूक माझी होती. स्पिंडल नेला तशी मान दुकानात नेली नव्हती, अंदाजानं माप सांगितलं. रिंगा किंचित जाड निघाल्या. मान फिरवायला जड जायची, मला वाटलं नवीन आहे, बसेल. मार्चअखेर बुडातून पुन्हा पाणी दिसलं. मान उपसून पाहिली तर खालची रिंग एका जागी चिरली होती, कडेला रबराचा भुगा साचलेला. या वेळी मान सोबत नेली, दुकानदारानं खाचेत रिंग बसवून दाखवली, पंधरा रुपयांत काम झालं. खाचेतला क्षार जुन्या टूथब्रशनं काढला, ग्रीसचं बोट फिरवलं, मान सरळ दाबून बसवली. तेव्हापासून कोरडं आहे. सासूबाई खोबरेल लाव म्हणत होत्या. ते लावू नका, व्हॅसलिनही नको. काही जातींचं रबर तेलानं फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीसच घ्या, डबी वर्षानुवर्षं पुरते.

उन्हाळ्यात त्रास झाला तो तोंडावरच्या जाळीचा. एप्रिल-मेमध्ये उजनीचं पाणी पुरेना, म्हणून सोसायटीनं बोअरचं पाणी टाकीत सोडलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, पातेल्यात उकळलं तर तळाला पांढरा थर धरतं. वर 42-43 अंशांचं ऊन, काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका लावणारं. दर तीन आठवड्यांनी धार वाकडी व्हायची, एक फाटा थेट ओट्यावर. जाळी हातानं निघते, लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकली की सकाळी कपचे सुटून येतात. जुलैत गढूळ पाणी आलं तेव्हा क्षार कमी आणि गाळ जास्त, तो नुसत्या धारेखाली निघून गेला. जाळी आहे म्हणून कण भांड्यात येत नाहीत, पण स्पिंडल तिच्या आधी असतो, त्याला जाळीचा काही उपयोग नाही. म्हणून जूनमध्ये टाकीतून निघणाऱ्या पाइपावर गाळणी बसवून घेतली. ते काम मात्र प्लंबरला दिलं, आणि त्यानं ते चांगलं केलं.

जूनमध्येच ओट्याखालचा कनेक्शन पाइप नटाशी ओलसर दिसला. वायसर कडक होऊन तडकला होता. तो बदलला, पाच मिनिटांचं काम. पाइपच्या बाहेरची जाळी अजून शाबूत आहे, पण ती कुठं गंजलेली किंवा फुगलेली दिसली तर पाइप लगेच बदला. तो फुटला तर टाकी रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

सगळा हिशेब मिळून 265 रुपये, गाळणी सोडून.

घरी करू नये असंही काही आहे. नळ भिंतीतून आलेला असेल आणि भिंतीतच ओल असेल, किंवा नळ फिरवल्यावर टाइल्सच्या आत काही हलल्यासारखं वाटलं, तर हात थांबवा. आत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकच्या पाइपाचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, असतो, तो तडकला तर टाइल्स फोडाव्या लागतात. नळाच्या अंगालाच भोक किंवा तडा असेल तर दुरुस्ती नाही, नवाच घ्यावा. मोलकरणीचा, मुलांचा हात सारखा लागणारा नळ असेल तर तो उघडण्याआधी घरात सगळ्यांना सांगा. माझ्याकडं टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना खाली गीझर चालू करायला कुणीतरी निघालं होतं.

दोन ओ-रिंगा, एक वायसर आणि ग्रीसची डबी मसाल्याच्या जुन्या स्टीलच्या डब्यात घालून ओट्याखालीच ठेवलीय. डब्याच्या झाकणावर मार्करनं स्पिंडलच्या दात्यांची संख्या लिहिलीय, वीस. उद्या पाण्याची पाळी आहे आणि टाकीत आज संध्याकाळी वीतभर पाणी शिल्लक आहे. गेल्या वर्षी या वेळेला तळ दिसायचा.