भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो: मराठवाड्यातून निघालेल्या गाडीला परवडते का?

अलिबागचा बेत ठरला की संभाजीनगर-जालन्याकडं पहिला वाद रस्त्यावरून होतो. पुण्यावरून खोपोली-पेण करत जायचं, की समृद्धीनं मुंबई गाठून भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोत, म्हणजे गाड्या चालवत चढवता-उतरवता येतात अशा बोटीत घालून अलिबागजवळच्या मांडव्याला उतरायचं? लातूर, धाराशिव, बीडहून निघणाऱ्यांनी बोटीचा विचार सोडावा. पुणे त्यांच्या वाटेतच पडतं आणि तिथून पेणमार्गे अलिबाग सरळ आहे. उगाच मुंबईत शिरून समुद्र ओलांडण्यात वेळही जातो आणि पैसाही. संभाजीनगर, जालना, परभणीकरांनी मात्र नीट हिशोब करावा, विशेषतः मुंबईत एखादा मुक्काम असेल तर.

समृद्धी जून 2025 पासून नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे अशी पूर्ण 701 किलोमीटर सुरू आहे. कारला टोल किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे. म्हणजे संभाजीनगर ते आमणे साधारण पाचशे रुपये. हा खर्च मुंबईला जायचंच असेल तर होणारच, म्हणून तो बोटीच्या खात्यात धरू नका. खरी तुलना मुंबईपासून पुढची आहे. अटल सेतूवरून अलिबाग नव्वद किलोमीटरच्या आसपास पडतं. गाडी लिटरला 15 देत असेल तर सहा लिटर पेट्रोल, 105 रुपयांच्या भावानं 630, आणि सेतूचा एकेरी टोल 250. झाले 880. हा आकडा डोक्यात ठेवून बोटीचं बुकिंग उघडा. गाडीच्या तिकिटात चालक धरलाय का ते बघा आणि बाकी माणसांची तिकिटं वेगळी जोडा. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर निव्वळ पैशात रस्ता जिंकतो, हे मान्य करायला हवं. एकटादुकटा किंवा जोडपं असेल तर खर्चातला फरक बराच कमी होतो.

मग बोट का घ्यावी? पाण्यावरचं अंतर 19 किलोमीटर, आणि साधारण तासाभरात गाडी मांडव्याला उतरते. शनिवारी सकाळी पेणजवळ वडखळला गाड्यांची रांग लागते, तेव्हा हा तास पक्का असतो. दुसरं कारण माझ्या मते जास्त मोलाचं आहे. पाच-सहा तास गाडी हाणून आलेल्या माणसाला वरच्या डेकवर तासभर पाय मोकळे करता येतात. कोकणातली वळणं ताज्या डोळ्यांनी पुढं घेता येतात.

अनेकांची तक्रार असते की बोट सावकाश जाते. ही तक्रार चुकीची आहे, कारण बोट परवडते ती त्या सावकाशीमुळंच. 19 किलोमीटर म्हणजे सव्वादहा सागरी मैल. तासात हे कापलं तर सरासरी दहा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). समजा एखादी दोन हलांची (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग) बोट, म्हणजे कॅटमरान, 14 नॉटला 1500 किलोवॅट घेते. तिला 44 मिनिटं लागतील आणि 1100 युनिट (किलोवॅट-तास) काम होईल. चांगलं सागरी इंजिन युनिटमागे 200 ते 210 ग्रॅम डिझेल खातं, म्हणजे फेरीला पावणेतीनशे लिटरच्या आसपास. 90 रुपये लिटरनं हे पंचवीस हजारांच्या घरात जातं. साठ गाड्या असतील तर गाडीमागे चारशे रुपये इंधन. वीसच असतील तर साडेबाराशे. आता वेग दुप्पट करा. ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे आठपट. वेळ निम्मा, म्हणून फेरीचं डिझेल चौपट. गाडीमागे चारशेचे सोळाशे झाले, आणि वाचली फक्त 22 मिनिटं. तेवढा वेळ तर गाड्या चढवण्या-उतरवण्यातच जातो. (अरुंद हलांच्या बोटीत प्रत्यक्ष वाढ घनापेक्षा थोडी कमी पडते, पण निष्कर्ष बदलत नाही.) कमी अंतरावर वेळ पाण्यात कमी आणि धक्क्यावर जास्त जातो. बोट चालवणाऱ्या कंपनीनं पैसे घालायचेच असतील तर मोठ्या इंजिनांपेक्षा दोन लेनच्या रॅम्पवर घालावेत.

कॅटमरानचा फायदा असा की दोन सडपातळ हलांना लाटा कमी उठतात आणि वर रुंद, सपाट डेक मिळतो. गाड्या नीट मावतात, बोट कलंडतही कमी. पण ती वजनाला फार नाजूक असते. पाण्यातलं अंग अरुंद असल्यामुळं थोडं जास्त वजन पडलं की ती पटकन खोल बसते आणि खर्च चढतो. म्हणून अशा बोटीवर ट्रक घेताना हात आखडता असतो. उभ्या लाटांत दोन हलांमधल्या छतावर खालून पाणी आदळतं. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी कॅटमरान पावसाळ्यात बंद असतात. रो-रो मात्र हवामान बघून पावसातही चालते. तरी जून ते सप्टेंबर आदल्या रात्री आणि निघताना, दोनदा खात्री करा. फेरी रद्द झाली तर अटल सेतूचा रस्ता हाताशी आहेच.

आता गाडी चढवणं. निघायच्या वेळेच्या पाऊण तास आधी पोचा. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, त्यामुळं रॅम्पचा उतार दर फेरीला वेगळा असतो. जिथं रॅम्पची फळी धक्क्याला टेकते तिथं एक कोन होतो. डिकीत पाण्याचे कॅन आणि बॅगा कोंबलेली सेडान असेल तर मागचा बंपर तिथंच खरवडतो. जड सामान मागच्या सीटपुढं ठेवा, पहिल्या गिअरमध्ये क्लच न धरता सावकाश चढा, मध्येच ब्रेक मारू नका. फळी ओली असते, चाक फिरतं. खलाशाचा हात बघा, आरशात बघत बसू नका. जागेवर आल्यावर हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, आरसे आत. गाडीला अलार्म असेल तर हालचालीचा सेन्सर बंद करा, नाहीतर तो लाटेगणिक वाजेल. औषधं, पाणी, स्वेटर सोबत वर न्या. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. मिठाचे थर तसेच राहिले की पत्र्याच्या सांध्यात गंज धरतो.

अशी बोट नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, का नाही, हे पैठण-गंगापूरकडं नेहमी विचारलं जातं. 1976 साली झालेल्या या धरणाची पूर्ण पातळी 463.9 मीटर आणि मृतसाठ्याची 455.5, म्हणजे 8.4 मीटरचा चढउतार. काठाचा उतार शंभराला एक धरला तरी पाणी 840 मीटर मागं सरकतं आणि मधे गाळ उरतो. मच्छीमाराचा चप्पू (लहान होडी) त्या गाळातून ओढून नेता येतो, गाडीची बोट नाही. समुद्राचं पाणी सहा तासांत उतरतं तसं पुन्हा चढतं, इथलं पुढच्या पावसाची वाट बघतं. त्यासाठी तरंगता धक्का आणि पाण्यामागं सरकवता येईल असा रस्ता लागेल. दिवसाला वीस-पंचवीस गाड्यांच्या भाड्यात त्याचा खर्च निघणार नाही.