पन्हाळा की महाबळेश्वर? सोलापुरातून निघणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की सोलापुरात घरोघरी एकच विषय निघतो, यंदा थंड हवेला कुठं जायचं. पारा बेचाळीसच्या पुढं गेलेला असतो, रात्रभर कूलर घरघरत असतो. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी म्हणतं तिथं फार गर्दी, त्यापेक्षा पन्हाळा बरा. मग वाद अर्धवट राहतो आणि जिथलं बुकिंग मिळेल तिथं माणसं निघतात. ही दोन्ही गावं मला मनापासून आवडतात, आणि दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाची अपेक्षा घेऊन दुसऱ्याकडं गेलं की हिरमोड ठरलेला.

निकाल आधीच सांगून टाकते. डोंगरमाथ्यावरचं जुनं, नांदतं गाव बघायचं असेल, सोबत म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं असतील आणि हाताशी दोनच दिवस असतील, तर पन्हाळा. मे महिन्यात अंगावर शाल घ्यावी अशी संध्याकाळ हवी असेल आणि तीन-चार दिवस काढता येत असतील, तर महाबळेश्वर. पण आठवड्याच्या मधल्या वारी.

आता रस्ता. पन्हाळ्याला जायचं म्हणजे मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठायचं. सोलापूर ते कोल्हापूर २३०-२४० किलोमीटर धरा, तिथून पुढं वीस किलोमीटरवर पन्हाळा. महामार्ग चांगला आहे. पहाटे निघालात तर मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं दर्शन करून दुपारच्या जेवणाला कोल्हापुरात पोचता. शेवटची चढण सोडली तर घाट असा नाहीच, त्यामुळं गाडी लागणाऱ्यांची सोय होते. महाबळेश्वरला पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा असं जायचं. अंतर २८० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ मात्र अंतराच्या मानानं जास्त. वाटेत गोंदवले लागतं, तिथं थांबणारे थांबतातच. साताऱ्याहून मेढ्याच्या बाजूनं चढा किंवा वाईवरून पसरणी घाटानं, शेवटचा टप्पा वळणांचा आहे. मी वाईचा रस्ता सुचवीन. अंतर थोडं वाढतं, पण ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पदरात पडतो. मेणवलीच्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, ती मुलांना दाखवाच.

हवेबद्दल खरं तेच सांगायला हवं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, पन्हाळा सुमारे ९७५ मीटरवर आणि महाबळेश्वर १,३७० मीटरच्या जवळपास. हा मधला फरक मे महिन्यात चांगलाच जाणवतो. पन्हाळ्यावर मे महिन्याच्या दुपारी ऊन लागतं, तटावर उघड्यावर फिरवत नाही. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र मात्र झकास, वारा अखंड. महाबळेश्वरला दुपारीही झाडीत शिरलं की गारवा मिळतो. ज्यांना फक्त उकाड्यातून सुटका हवी आहे त्यांनी इतिहासाच्या नावाखाली पन्हाळ्याला जाऊन नंतर कुरकुर करू नये.

पण जुनं गाव म्हणून बघायचं, तर पन्हाळ्याला तोड नाही असं माझं ठाम मत आहे. बहुतेक किल्ले आपण ओसाड बघतो, पन्हाळा नांदता आहे. तटाच्या आत बाजार भरतो, तहसील कचेरी चालते, ताराराणींच्या वाड्यात शाळा भरते. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज यानं हा गड बांधला. पुढं तो यादव, बहमनी, आदिलशाही असं करत शिवाजी महाराजांच्या हाती आला. ताराराणींनी कोल्हापूर गादीची राजधानी इथं ठेवली होती. आर्या लिहिणारे कवी मोरोपंत १७२९ मध्ये इथंच जन्मले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळा आहे. प्रतापगडही आहे, त्यामुळं महाबळेश्वरच्या बाजूनं वाद घालणाऱ्यांना तेवढा मुद्दा मिळतो.

गाडीरस्ता जिथून गडात शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडून टाकला. म्हणून गडात शिरताना दरवाजा दिसला नाही तर निराश होऊ नका, तीन दरवाजा पश्चिमेच्या अंगाला शाबूत उभा आहे. त्याची घडीव दगडी कमान, फारसी शिलालेख आणि बारीक कोरीवकाम घाईनं फोटो काढून निघून जायच्या लायकीचं नाही. त्याला लागूनच अंधार बाव. वरून बघितलं तर साधी दगडी इमारत वाटते. आत पायऱ्या उतरू लागलं की दोन-चार पावलांत हवा बदलते, बाहेरचं ऊन विसरायला होतं आणि भिंतींना ओल लागते. खालच्या मजल्यावर पाणी, वर पहारेकऱ्यांना राहायची जागा आणि मधल्या मजल्यावरून थेट तटाबाहेर पडायची वाट. वेढा पडला तरी पाणी आपल्या हातात आणि निसटायची सोयही आपल्या हातात, हा सगळा विचार त्या एका विहिरीत दिसतो. सोलापूरचा भुईकोट बघत वाढलेल्या मुलांना डोंगरी किल्ला कसा लढवत असत, हे इथं न सांगता समजतं.

अंबरखान्याचंही तसंच. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं, त्यांतलं गंगा सर्वांत मोठं. तिथं २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. बाहेरून छतावर चढायला पायऱ्या आहेत आणि छताला धान्य ओतायची भोकं. सिद्दी जौहरनं १६६० मध्ये चार-एक महिने वेढा घातला तरी गड का झुकला नाही, याचं अर्धं उत्तर या कोठारात आहे. उरलेलं अर्धं १२-१३ जुलैच्या रात्रीत. महाराज विशाळगडाकडं निघाले, नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला आणि पकडला गेल्यावर त्यानं प्राण दिले, आणि पुढं बाजीप्रभूंनी खिंड लढवली. गडावर बाजीप्रभूंचा पुतळा लगेच दिसतो. शिवा काशीदांचं स्मारक मात्र मुद्दाम विचारून बघावं लागतं, आणि बघावंच.

महाबळेश्वरचा इतिहास दोन वेगवेगळ्या गावांत वाटला गेला आहे, आणि बहुतेक पर्यटक त्यातलं एकच गाव बघतात. बाजारपेठेचं जे गाव आहे ते इंग्रजांनी वसवलं. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. आजारी गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हवापालट म्हणून हे ठाणं उभं राहिलं, त्याचं नाव माल्कम पेठ. जुने बंगले, चर्च, फ्रियर हॉलची इमारत ही त्या काळाची खूण. नौकाविहारासाठी जिथं रांग लागते तो वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, १८४२ मध्ये बांधून घेतलेला.

दुसरं गाव म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, बाजारापासून सहा-सात किलोमीटरवर. तिथं पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचं पाणी गोमुखातून पडतं. लोक इथवर येतात, हात लावतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि परततात. तिथून पायी थोड्याच अंतरावर कृष्णाबाईचं देऊळ आहे, तिकडं फार कमी जण वळतात. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, दरीच्या अगदी कडेला. गोमुखातून कुंडात पडणारं पाणी सोडलं तर आवाज नाही, समोर कृष्णेचं खोरं उलगडत जातं. आपली भीमा पुढं कर्नाटकात जाऊन याच कृष्णेला मिळते. सोलापूरच्या माणसाला तिथं उभं राहून जे वाटतं ते कुठल्याही पॉइंटवर वाटणार नाही. महाबळेश्वरला जाणार असाल तर एखादा पॉइंट कमी करा, पण कृष्णाबाई चुकवू नका.

पॉइंटांचं म्हणाल तर आर्थर सीट आणि विल्सन पॉइंट पुरेत. आर्थर सीटला सकाळी लवकर जावं, ढग खाली असतात आणि कडे उघडे दिसतात. विल्सन पॉइंट सूर्योदयासाठी. बाकीच्या यादीमागं धावलात तर दिवस गाडीत जातो. प्रतापगड वेगळा अर्धा दिवस मागतो. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली तो बांधला गेला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. तुळजापूर आणि पंढरपूरला उपद्रव देत खान आला होता असं बखरी सांगतात, म्हणजे ही गोष्ट आपल्याही मुलखातून जाते. स्वतःची गाडी नसेल तर महाबळेश्वरहून एसटीची फेरी मिळते.

गुडघे दुखणाऱ्यांच्या दृष्टीनं पन्हाळा सोपा. तटाच्या आत जवळजवळ सगळ्या जागांशी गाडी जाते, सज्जा कोठी असो की पुसाटी बुरूज, चार पावलांचंच चालणं. अंधार बावेच्या पायऱ्या तेवढ्या ओल्या असतात, आजी-आजोबांनी वरच थांबलेलं बरं. महाबळेश्वरात देवळं सोपी, पण प्रतापगडाच्या पायऱ्या चारशेच्या वर आहेत.

खाण्यात कोल्हापूर जिंकतं, यात चर्चेला जागाच नाही. गडावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही मिळतं, खाली उतरलं की तांबडा-पांढरा रस्सा. आपल्या तिखट जिभेला तिथं परकं वाटत नाही. महाबळेश्वरचं जेवण हॉटेली आणि महाग. तिथली खरी चव म्हणजे स्ट्रॉबेरी, ताजा मध आणि भाजलेले चणे-फुटाणे. डबा म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्हीकडं न्या. महाबळेश्वरात तिसऱ्या दिवशी तिची किंमत कळते.

मुक्कामाला पन्हाळ्याचा एक फायदा मोठा आहे. गडावर खोली मिळाली नाही तरी खाली कोल्हापुरात मिळतेच आणि दिवस बुडत नाही. तरीही एक रात्र गडावर काढाच. संध्याकाळी सहलीच्या गाड्या उतरून गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं, तेव्हा फिरायला मजा येते. महाबळेश्वरात मे आणि दिवाळीत भाव दुप्पट-तिप्पट होतात, आणि शनिवार-रविवारी वेण्णा तलावापासून बाजारापर्यंत गाड्या हलत नाहीत. अशा वेळी पाचगणीत राहणं शहाणपणाचं. तिथून भिलारही जवळ आहे. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणीही बसून वाचावं. वाचणाऱ्या मुलांना तिथं सोडलं की दुपार कशी गेली कळत नाही.

माथेरानचं नाव कुणीतरी काढतंच, म्हणून थोडक्यात. रेल्वेनं जाणाऱ्यांना ते सोयीचं आहे. सोलापूरहून मुंबईच्या गाडीनं कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ. १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी अजून डोंगर चढते आणि वर दस्तुरी नाक्यापुढं मोटारींना बंदी आहे. तांबड्या मातीच्या वाटा, झाडी, घोडे, शांतता. १९४३ मध्ये हुतात्मा झालेले भाई कोटवाल हे माथेरानचे. चार हुतात्म्यांच्या सोलापुरातून जाणाऱ्यानं त्यांच्या स्मारकापुढं हात जोडावेत. पण चालता न येणाऱ्यांना घेऊन जायची ही जागा नाही. उंचीही आठशे मीटरच्या आसपास, त्यामुळं मे महिन्यात गारव्याची फार आशा नको. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते. तरुण जोडप्यानं किंवा मित्रांनी जावं.

आता कधी जायचं. दोन्ही गावांसाठी माझा आवडता काळ म्हणजे गड्ड्याची यात्रा उरकल्यानंतरचे दिवस, जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. स्ट्रॉबेरी भरात असते, हवा कोरडी आणि स्वच्छ, दऱ्या लांबवर दिसतात. फक्त प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली असेल तर तो आठवडा सोडा. पावसाळ्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत तिथं धुक्याशिवाय काही दिसत नाही, आंबेनळी घाटात दरडी कोसळतात, मुलंबाळं घेऊन जाऊ नये. पन्हाळा पावसात सुंदर असतो. मात्र अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचल्याचे प्रकार झालेत, तेव्हा निघण्याआधी कोल्हापुरात फोन करून विचारा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला राज्यभरातून तरुण येतात, त्या दिवसांत गडावर खोली आधीच ठरवून ठेवावी लागते.

आणि मे महिन्याशिवाय सुट्टीच नसेल, तर सोमवारी पहाटे निघून गुरुवारी परत या असं महाबळेश्वर करा. रविवार सोमवार एवढाच मोकळा असेल तर पन्हाळा. पहिल्या संध्याकाळी तीन दरवाजा आणि अंधार बाव, दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आधी अंबरखाना, मग जोतिबा आणि अंबाबाई करून दुपारी निघालात तर रात्रीच्या जेवणाला घरी.