अक्षरजोडीनुसार लावलेली छोट्या इंग्रजी शब्दांची यादी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्क्रॅबल या अक्षरांच्या टाइल्सनी बोर्डावर शब्द जुळवण्याच्या खेळासाठी छोटे इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्यांकडे बहुधा एबीसीच्या क्रमाने लावलेली यादी असते. मी गेले काही महिने वापरत असलेली यादी वेगळी आहे. तिच्यात दोन अक्षरांची जोडी मथळ्याला घेतलेली आहे आणि ती जोडी सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी ज्या दोन, तीन व चार अक्षरी शब्दांत येते ते सगळे त्या मथळ्याखाली एकत्र दिलेले आहेत. एका जुन्या खेळाडूने तयार केलेली ही फाइल मी अप्पा बळवंत चौकाजवळ छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. कोथरूडमधल्या आमच्या रविवारच्या खेळाआधी आणि वनाझहून रामवाडीकडे जाताना मेट्रोत ती चाळणे हा आता नेमच झाला आहे.

या मांडणीचा खरा फायदा खेळताना कळतो. शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षरावरून शोधला जातो, पण बोर्डावर आपल्याला आधीच ठेवलेल्या अक्षरांच्या भोवती शब्द बांधायचा असतो. समजा, बोर्डावर ई-एक्स हा शब्द आहे. त्याच्या आधी एच, व्ही, एल, आर किंवा के लावता येतो, हे एबीसीच्या यादीत पाच ठिकाणी विखुरलेले असते, तर इथे एकाच पानावर एका नजरेत दिसते. त्यातल्या एका टाइलपासून खाली नवा शब्द उतरवला की दोन्ही शब्दांचे गुण मिळतात. छोट्या शब्दांचे मोल त्यांच्या स्वतःच्या गुणांपेक्षा दुसऱ्या शब्दाला लागून ठेवण्याच्या या मांडणीत अधिक आहे. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या चौकोनात क्यू ठेवून आडवा आणि उभा असा दोन्हीकडे क्यू-आय जुळवला, तर प्रत्येक दिशेचे ३१ धरून ६२ गुण होतात. सातही टाइल्स एकदम लावल्यावर मिळणारा ५० गुणांचा बोनस सर्वांना ठाऊक असतो, पण दोन टाइल्समध्ये त्याहून जास्त गुण वसूल होतात हे नवख्यांना सांगूनही पटत नाही.

सर्वांत उपयोगी पाने अर्थातच अवघड अक्षरांची आहेत. क्यू नंतर यू नसलेले शब्द एकत्र वाचले की क्यू हातात आल्यावर होणारी घालमेल बरीच कमी होते : क्यू-ए-टी, एस-यू-क्यू, क्यू-ए-डी-आय, डब्ल्यू-ए-क्यू-एफ. व्हीची गोष्ट उलट आहे. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे व्हीच्या शेजारी समांतर शब्द लावायला जागा राहत नाही आणि तीन अक्षरी शब्दांची निकड वाढते. ए-व्ही-ओ, यू-व्ही-ए आणि व्ही-यू-जी हे शब्द मला याच पानांनी दिले. डी-एच आणि जी-एच या जोड्यांची पाने मात्र मराठी माणसाने फार कष्ट न घेता उलटावीत, कारण ढोल, घी आणि घाट तिथे ओळखीच्या चेहऱ्याने उभे असतात. तरीही स्पेलिंग डोळ्यांखालून घालावे. डाळ यादीत एकाहून अधिक स्पेलिंगांनी भेटते आणि ऐन वेळी नेमके नको तेच सुचते.

आता तक्रारी. कोणता शब्द कोणत्या कोशानुसार ग्राह्य आहे याची खूण यादीत कुठेही नाही. कॉलिन्स या स्क्रॅबलच्या शब्दकोशाच्या २०१९ च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत, तर उत्तर अमेरिकेतल्या २०१८ च्या यादीत १०७. सी-एच, झेड-ओ आणि झेड-ई कॉलिन्समध्ये चालतात, तिकडे चालत नाहीत. आपल्याकडे कॉलिन्स प्रमाण मानले जात असल्याने समोरासमोरच्या खेळात अडचण येत नाही, पण मोबाइलवर अमेरिकन कोश निवडून खेळणाऱ्याने प्रत्येक शब्द तपासून घ्यावा. दुसरी उणीव अधिक खटकते : कोणत्या शब्दाला शेवटी एस लागतो आणि कोणत्याला लागत नाही, हे दिलेले नाही. बोर्डावरच्या शब्दाला एस जोडून स्वतःचा मोठा शब्द टाकणे ही रोजची खेळी आहे, तेव्हा ही माहिती नसणे म्हणजे भेळेत चिंच विसरण्यासारखे आहे. मी ती पेन्सिलने भरत आहे.

चार अक्षरी विभाग निम्म्याहून अधिक निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ई-आर, ए-एन, एस-टी अशा जोड्यांखाली रकानेच्या रकाने भरले आहेत. ते पाठ होत नाहीत आणि झाले तरी खेळाच्या वेळी आठवत नाहीत. जे, क्यू, एक्स, झेड आणि व्ही असलेली चार अक्षरी पाने तेवढी ठेवून बाकीची मी बाइंडिंगमधून काढून टाकली, तेव्हा वही पर्समध्ये मावू लागली.

पुन्हा छापायची वेळ आली तर दोन व तीन अक्षरी पाने जाड कागदावर घेईन आणि प्रत्येक मथळ्याखाली दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवीन, कारण कोशाच्या नव्या आवृत्तीत शब्द वाढतात आणि मधल्या जागेत लिहायला सध्या तसूभरही वाव नाही. दोन अक्षरी शब्द अजून पक्के न झालेल्यांनी मात्र आधी साधी एबीसीची यादी संपवावी आणि मगच हिच्याकडे वळावे.