जिप्सीचा ‘नवा’ एक्सल शाफ्ट आणि बुडालेले १३,९५० रुपये

माझ्या जुन्या मारुती जिप्सीचा मागचा उजवा एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) तुटला आणि पुढची चाके जोडून, फोर व्हीलवर, गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत आणावी लागली. हे मॉडेल बंद झाल्यापासून सुटे भाग मिळवताना काय होते, हे अशी गाडी बाळगणाऱ्यांना सांगायला नको. कुर्ल्यातील एका दुकानदाराने ‘कंपनीचा, कोरा माल’ म्हणून शाफ्टचे ६,८०० रुपये रोख घेतले. बेअरिंग व ऑइल सीलचे १,४५० आणि मजुरीचे २,५०० वेगळे. पक्के बिल मागताच ‘जीएसटी वरून पडेल’ हे ठरलेले उत्तर मिळाले.

शाफ्ट हातात घेतला तेव्हा बोटांना काळा रंग लागला. सगळे बिंग तिथेच फुटायला हवे होते, कारण कारखान्यातून वेष्टनात आलेल्या मालाचा रंग ओला कसा असेल? मी तसे विचारलेही. ‘साहेब, गंज धरू नये म्हणून लावतात,’ असे तो म्हणाला आणि अनेक वर्षे माझी गाडी हाताळणाऱ्या मेकॅनिकने मान डोलावली. ज्याच्या भरवशावर गाडी सोपवायची तोच हमी देत असताना गल्लीतल्या अंधारात आणखी काय तपासायचे होते? थिनरचा बोळा फिरवून रंग पुसा, स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दात्यांवर, कानस घासा. ती रुतली तर पोलाद मऊ आहे, माल घेऊ नका.

वाशीच्या खाडीपुलावर तो शाफ्ट तुटला. टोइंगचे ३,२०० गेले. दोन भंगार शाफ्टचे तुकडे वेल्डिंगने जोडून, लेथवर साफ करून रंगवलेला तो माल होता, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते. जिप्सीचे मागचे चाक याच शाफ्टच्या टोकावरील तबकडीवर (फ्लँजवर) बसते. बेअरिंगच्या बाहेर तुटला असता तर चाकच निखळले असते.

पोलीस ठाण्यात मात्र ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून बोळवण झाली. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे दाखवल्यावर अंमलदारांनी बिल मागितले. बिल न देणे हाच फसवणुकीचा भाग आहे, हे त्यांना पटेना, आणि वरिष्ठांची वाट पाहत बाकावर बसवून शेवटी साधा अर्जसुद्धा पोच न देता ठेवून घेतला. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मुदत २ वर्षांची आहे. पैसे यूपीआयनेच द्या. दुकानदार आता ‘तुकडे आणा, बदलून देतो’ म्हणतो आहे. ते तुकडे आयोगापुढेच जातील.