वंश की शिक्षण? अमेरिकी मतदार कशावरून ओळखावा

माझी भाची एम.ए.च्या प्रबंधात अडली आहे. अमेरिकेतला मतदार वंशावरून वाचायचा की शिक्षणावरून, हे तिचं ठरत नाही.

आकडे दोन्हीकडे मिळतात. 2020च्या जनगणनेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले, 18.7 टक्के; बिगर-हिस्पॅनिक गोरे 57.8 टक्के. पदव्यांचे आकडेही काउंटीपर्यंत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागापर्यंत, उपलब्ध आहेत.

खरा कस लागतो तो निकालाचा उलगडा करताना. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी घ्या. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, पदवीधर थोडे. 2016 साली तिथे हिलरी क्लिंटन यांना जवळपास 80 टक्के मतं पडली. 2024 साली ट्रम्प जिंकले. 1892 नंतर तिथे जिंकलेले ते पहिले रिपब्लिकन! वस्ती तीच, वंश तोच, मत मात्र फिरलं. उलट कॅलिफोर्नियातल्या सुशिक्षित ऑरेंज काउंटीने 2016 साली, 1936 नंतर प्रथमच, डेमोक्रॅटला कौल दिला. इथे शिक्षणाचं पारडं मला स्पष्टपणे जड वाटतं.

पण कृष्णवर्णीय मतदारांपाशी हा हिशेब चुकतो. पदवी असो-नसो, त्यांची मोठी बहुसंख्या डेमोक्रॅटिकच राहते. त्यामागे गुलामगिरी आणि 1965च्या मताधिकार कायद्यापर्यंतचा लढा आहे. तो विसरून कसं चालेल?

टिकाऊपणात दोन्ही निकष कच्चे. पदवीधर गोरे एकेकाळी रिपब्लिकनांकडेच झुकायचे.

म्हणून भाचीला माझा सल्ला: गेल्या दहा वर्षांतली उलथापालथ मांडायची तर शिक्षणाचा निकष घे. दक्षिणेतली राज्यं, मतदारसंघांची आखणी किंवा मताधिकार हा विषय असेल, तर वंशाचाच घे.