मॅन्झनार (कॅलिफोर्निया): मॅमथला जाताना इथे गाडी थांबवाच

लॉस एंजेलिसहून (एलए) मॅमथ या डोंगरातल्या स्कीइंगच्या गावाला जाणारी आपली मंडळी ३९५ हायवेवरून जातात, लोन पाइनला कॉफी होते, माउंट व्हिटनीचे फोटो निघतात आणि पुढे साधारण नऊ मैलांवर डाव्या हाताला मॅन्झनारच्या जुन्या युद्धकाळच्या कॅम्पचा लाकडी वॉचटॉवर दिसतो तो बघत बघत गाडी तशीच पुढे निघून जाते. प्लीज असं करू नका. निदान दोन-तीन तास काढा, एंट्री फ्री आहे, पार्किंगची कटकट नाही आणि घरात दहावी-बारावीच्या वयाची मुलं असतील तर त्यांना तर न्याच न्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि वेस्ट कोस्टवरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं, दुकानं, शेतं सोडायला लावून काटेरी तारांच्या आत नेऊन ठेवलं. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसं, त्यातली जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे इथलीच नागरिक. अशा दहा कॅम्पांपैकी मॅन्झनार एक. एका वेळी दहा हजारांवर लोक इथे राहत होते, आठ वॉचटॉवर, छत्तीस ब्लॉक, वीस बाय शंभर फुटांच्या बराकी.

आता व्हिजिटर सेंटर ज्या मोठ्या हॉलमध्ये आहे ना, तो कॅम्पच्या हायस्कूलचा हॉल, १९४४ मध्ये आत ठेवलेल्या लोकांनीच बांधलेला. युद्धानंतर बरीच वर्षं तिथे काउंटीच्या रस्ता खात्याची अवजड यंत्रं उभी असायची, २००४ पासून हे सेंटर झालं. मला वाटतं ही गोष्ट दारातच मोठ्या अक्षरात सांगायला हवी होती, कारण बरेच लोक आत येतात, बावीस मिनिटांची फिल्म बघतात, वरून खाली लटकवलेलं हजारो नावांचं मोठं कापड बघतात आणि आपण एका शाळेच्या हॉलमध्ये उभे आहोत हे लक्षातच येत नाही त्यांच्या.

आणि माझ्या मते खरं बघायचं ते त्या शाळेचंच. मी जायच्या आधी १९४३-४४ च्या इयरबुकचं (शाळेच्या वर्षभराच्या फोटो-आठवणींच्या पुस्तकाचं) रिप्रिंट मागवून घेतलं होतं, नाव ‘अवर वर्ल्ड’. तुम्हालाही तेच सांगेन, आधी ते चाळा मग इथे या. पहिली काही पानं बघताना वाटतं की हे कुठल्याही अमेरिकन शाळेचं असेल, नीट भांग पाडलेली मुलं, स्वेटर घातलेल्या मुली, ग्रुप फोटो, सगळे हसतायत. १९४२ मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बसायला बाकं नव्हती, मुलं बराकीत जमिनीवर बसून शिकली, आणि दोन वर्षांत त्याच मुलांनी इतकं देखणं पुस्तक काढलं! फोटो तोयो मियाताके यांचे, हे कॅम्पात ठेवलेले फोटोग्राफर. कॅमेऱ्याला बंदी होती तर यांनी लेन्स लपवून आत आणली आणि लाकडी डबा करून घेऊन त्याला बसवली, पुढे कॅम्पच्या डायरेक्टरनेच त्यांना फोटो काढायची परवानगी दिली. शेवटाकडे एक फोटो आहे, एक हात, हातात पक्कड, समोर काटेरी तार आणि मागे वॉचटॉवर. शाळेच्या निरोपाच्या पानांत हा फोटो! मी त्या पानावर खूप वेळ थांबले.

कारण ती बॅच कुठे चालली होती बघा. जानेवारी १९४४ मध्ये सरकारने या मुलांना ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची सैन्यभरती, परत लागू केली, म्हणजे आईवडील तारेच्या आत आणि अठराचा झालेला मुलगा सैन्यात. वेस्ट कोस्टवर परत जायची बंदी उठली ती थेट जानेवारी १९४५ मध्ये, त्यामुळे जून ४४ ला पास होऊन एलएला घरी जाऊन तिथल्याच कॉलेजात नाव घालावं हा साधा रस्तासुद्धा बंद. कॉलेजला जायचं तर पूर्वेकडे, ओळखीचं कोणी नाही अशा गावात.

याच बॅचचा प्रेसिडेंट होता राल्फ लाझो. हा जपानी नव्हताच, मेक्सिकन-आयरिश घरचा, एलएच्या बेलमाँट हायस्कूलमधला. जपानी मित्रांना नेतायत हे त्याला पटेना, तर सतरा वर्षांचा पोरगा त्यांच्यासोबत स्वतःहून इथे येऊन राहिला, आणि त्याचं मूळ काय ते कोणी अधिकाऱ्याने विचारलंच नाही. ४४ ला पास झाला, सैन्यात गेला, फिलिपिन्समध्ये लढला, ब्रॉन्झ स्टार हे लष्करी पदक मिळालं, आणि पुढे कॅम्पात डांबलेल्यांच्या भरपाईच्या लढ्यासाठीही त्याने पैसे उभे केले. ती भरपाई १९८८ च्या कायद्याने मिळाली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर आणि सरकारची माफी. माझ्या मुलीने त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न विचारले ते राल्फबद्दलच.

आपल्याकडे १९६२ च्या युद्धात आसाम-दार्जिलिंगकडच्या तीनेक हजार चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या कॅम्पात नेलं होतं, त्यात शाळकरी मुलंही होती. त्यांच्यासाठी असं एखादं म्युझियम अजून व्हायला हवं, हे मला फार मनापासून वाटतं.

बाहेर सव्वातीन मैलांचा रस्ता आहे, गाडीतून फिरता येतं. चौदाव्या ब्लॉकमधल्या नव्याने बांधलेल्या बराकी आणि बायकांचं संडास नक्की बघा, ओळीने भांडी, मधे आडोसा नाही. हे वाचून कळत नाही, तिथे उभं राहिलं की कळतं. शाळेच्या वर्गांचा सातवा ब्लॉक मात्र आता मोकळी जमीन आहे, तिथे निदान एक वर्ग तरी उभा करायला हवा, माझी एवढी एकच तक्रार. रेंजर मंडळी छान बोलतात, घाई करत नाहीत, मुलांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देतात.

उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि वारा सुटला की धूळ डोळ्यात, तेव्हा टोपी, गॉगल, भरपूर पाणी बरोबर ठेवा. जेवण लोन पाइनलाच उरकून या, आणि सेंटरच्या वेळा बदलत असतात म्हणून निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.